दाभोळचं पाणी

हेमा बिवलकर रत्नागिरीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. लंबक, भिंगं, तारा मुलांच्या हाती देणं आणि तास संपला की मोजून परत कपाटात ठेवणं, हे काम ती अठरा वर्षं करत होती. १९९९ साली कॉलेजात नवे संगणक आले, तेव्हा जुन्यातला एक प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आला आणि त्याला दुसरा कुणी वाली नसल्यामुळे तो हेमाचा झाला. दुपारी मुलं गेली की ती त्यावर भरती-ओहोटीची गणितं करी.

छंद म्हणावा तर ते बरंच किचकट काम होतं. चंद्राची ओढ, सूर्याची ओढ, त्यांच्या जवळ-लांब होण्याचे फेरे, असे तीस-पस्तीस फेरे एकमेकांत मिसळून समुद्राचं पाणी चढतं आणि उतरतं. प्रत्येक बंदराला त्या प्रत्येक फेऱ्याचा वाटा वेगळा. तो एकदा काढला की पुढच्या वर्षांच्या वेळा आणि उंची मांडता येतात. पण काढायचा तर त्या बंदरातलं पाणी आधी निदान वर्षभर मोजलेलं असावं लागतं.

रत्नागिरीचं पाणी तिनं स्वतः मांडवीच्या धक्क्यावर मोजलं. दाभोळचं मोजलं मालननं.

दाभोळ हेमाचं माहेर. मालन भाटकर तिच्याबरोबर सातवीपर्यंत शाळेत होती. आता तिचं घर धक्क्याला लागून होतं आणि ती मासळी विकायची. धक्क्याच्या एका खांबावर हेमानं पांढऱ्या रंगानं दर दहा सेंटीमीटरला खूण करून दिली आणि आपल्या नवऱ्याचं जुनं घड्याळ मालनच्या हातात बांधलं. मालननं चौदा महिने, दिवसाउजेडी येणारी प्रत्येक भरती नि प्रत्येक ओहोटी शंभर पानी वह्यांत लिहिली. पाच वह्या भरल्या. गौरीच्या दोन दिवसांचे आकडे तेवढे नाहीत. त्या जागी तिनं "सवड नव्हती" असं लिहिलं आहे.

त्या वह्यांवरून हेमानं दाभोळचं कोष्टक केलं आणि ते एका अमेरिकन कंपनीच्या फुकट जागेत इंटरनेटवर ठेवलं. पान अगदी साधं होतं. आकडे इंग्रजी, आणि मराठी अक्षरं संगणकावर नीट उमटत नसल्यामुळे मथळे हातानं लिहून त्यांची चित्रं लावलेली. दाभोळच्या मच्छीमार सोसायटीचा एक माणूस महिन्यातून एकदा कामासाठी दापोलीला जायचा. तिथल्या सायबर कॅफेत तो पान छापून घ्यायचा आणि बर्फाच्या कारखान्याच्या दारावर चिकटवायचा.

खरं तर होड्या चालवणाऱ्या तिथल्या तांडेलांना तिथीवरून भरतीची वेळ कळतेच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ किती वाजता ते निघतं, एवढंच. पाणी किती चढेल हे मात्र त्या हिशोबात येत नाही. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला कुठलीही होडी त्यावरून सहज आत येते. अष्टमी-नवमीच्या भांगाला पाणी मुळात कमी चढतं, तेव्हा भरलेली होडी आत घालावी की बाहेर थांबावं, हे वीतभर पाण्यावर ठरतं. मुंबईची एक प्रकाशन कंपनी 'जलवेळा' नावाची पुस्तिका काढायची. तिच्यात उंची दिलेली असे, पण पुस्तिका दाभोळला पोचेपर्यंत फेब्रुवारी उजाडायचा. त्यामुळे दारावरचा कागद लोकांना बरा पडला.

२००२ च्या सप्टेंबरात हेमाला मेल आला. कॉलेजात इंटरनेट नव्हतं. शिवाजीनगरात मुकुल नावाच्या तरुणाचं सायबर कॅफे होतं, तिथं ती आठवड्यातून दोनदा बसायची. मेल जागा देणाऱ्या कंपनीचा होता. तुमच्या पानाविरुद्ध बौद्धिक मालमत्तेच्या हक्काची तक्रार आली आहे, ती खरी की खोटी हे आम्ही ठरवत नाही, पान काढून टाकलं आहे. तक्रारदार 'जलवेळा'ची कंपनी. त्यांच्या पुस्तिकेतलं कोष्टक हेमानं उतरवून घेतलं, असं या कंपनीचं म्हणणं होतं.

हेमानं मेल दोनदा वाचला आणि मुकुलला बोलावलं.

"उत्तर देता येतं," तो वाचून म्हणाला. "हा खाली फॉर्म आहे. मी नक्कल केलेली नाही, असं शपथेवर लिहायचं. मग त्यांनी दोन आठवड्यांत कोर्टात केस केली नाही, तर पान परत लागतं."

"मग भरू या."

"एक ओळ वाचा आधी. अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मला मान्य आहे, असं लिहून द्यावं लागतं."

फॉर्म छापून ती घरी घेऊन आली. तिचा नवरा श्रीपती जिल्हा परिषदेत कारकून होता आणि सही म्हटली की त्याचं सावध होणं स्वाभाविक होतं. त्यानं जेवण झाल्यावर चष्मा लावून कागद वाचला.

"तू रत्नागिरीत, ते मुंबईत, पाणी दाभोळचं. यात अमेरिकेचं कोर्ट कुठून आलं?"

"पान त्यांच्या जागेत आहे."

"मग जागा सोड. उद्या तिकडून समन्स आलं तर कोण जाणार आहे? चार दिवस थांब. आणि ते कागदही वाटू नकोस सध्या. प्रकरण मिटेपर्यंत कुठं काही सापडायला नको."

हेमानं सही केली नाही. डिसेंबरपर्यंतचं कोष्टक तिच्याजवळ तयार होतं. ते पाकिटात घालून गुहागरच्या एसटीनं मालनला पाठवायचं तिच्या मनात आलं, पण तिनं तेही केलं नाही. त्याऐवजी तिनं मुंबईला फोन लावला.

कंपनीच्या कायदा विभागातल्या माणसानं आपलं नाव यज्ञेश पेठे सांगितलं. आवाजावरून तिशीच्या आतला वाटला आणि बोलायला नम्र होता. रत्नागिरीहून फोन आहे म्हटल्यावर, मीही मूळचा मंडणगडचा, असं त्यानं सांगितलं.

"मॅडम, तुमचे आकडे आमच्या पुस्तिकेशी शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा जवळपास जुळतात."

"जुळणारच. दोघांनी एकच पाणी मोजलंय."

"सगळे असंच काहीतरी सांगतात."

"माझ्याकडे वह्या आहेत. चौदा महिन्यांच्या. मी पाठवते, तुम्ही बघा."

"त्या मी बघून उपयोग नाही. आमच्या पुस्तिकेत काही खुणा असतात, मॅडम. नक्कल करणाऱ्याला त्या कळत नाहीत. तो त्यांच्यासकट उतरवतो."

"मग माझ्या पानावर सापडल्या का त्या?"

"तसं एकेक पान आम्ही बघत नाही. तपासणी संगणक करतो. तो टक्केवारी काढतो. नव्वदच्या वर गेली की पत्र जातं. महिन्याला दीड-दोनशे पत्रं जातात."

"आणि कुणी नक्कल केलेली नसेल तर?"

"तर त्यांनी फॉर्म भरावा. बहुतेक कुणी भरत नाही."

हेमानं फोन ठेवला. आपणही भरलेला नाही, हे तिनं त्याला सांगितलं नाही.

ऑक्टोबरात दापोलीहून सोसायटीचा माणूस हात हलवत परत आला, पान उघडत नाही म्हणून. दाभोळला 'जलवेळा'च्या त्या वर्षीच्या प्रती होत्याच. बर्फाच्या कारखान्यात एक सुतळीला बांधून ठेवली गेली.

दिवाळी होऊन आठ-नऊ दिवस झाले होते. सकाळी कॉलेजात निघायच्या वेळी मालनचा फोन आला. ती फोनवर एरवी मोठ्यानं बोलायची. त्या दिवशी तिचा आवाज खाली होता.

"हेमा, लवूची होडी बसली गो."

लवू पावसे मालनचा धाकटा भाऊ. तो बुरोंडीचा, पण बुरोंडीला होडी सुरक्षित लावायला जागा नाही, म्हणून तो दाभोळच्या खाडीत ये-जा करायचा. त्या दिवशी नवमी. पावणेसातची भरती साधून तो भरलेली होडी घेऊन आत येत होता. ती वाळूवर टेकली आणि तिथंच पाणी उतरायला लागलं. होडी कलंडली. इंजिनाच्या पंख्याचा दांडा वाकला, आणि भागोजी नावाचा खलाशी बर्फाच्या पेट्यांखाली सापडून त्याचा खांदा निखळला. त्याला दापोलीला नेलं होतं.

"पण भांगाचं पाणी ते. लवूला कळायला नको?" हेमा म्हणाली.

"थांब, त्यालाच देतंय."

लवू फोनवर आला. "ताय, भांग हाय ता माका म्हायती व्हता. पन पुस्तकात अडीच मीटर लिवलाय. अडीचाला जाते माजी होडी. म्हून घातली."

हेमानं त्याला थांबायला सांगून आपली फाईल काढली. त्या सकाळसाठी तिच्या कोष्टकात दोन मीटर वीस होतं. तिनं ते त्याला सांगितलं नाही. भागोजीची चौकशी केली आणि फोन ठेवला. त्या दिवशी ती कॉलेजात गेली, मुलांना प्रयोगाचं सामान दिलं, संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक केला. श्रीपतीनं दोनदा विचारलं तेव्हा तिनं झालेलं सांगितलं.

"माझ्याकडे कागद तयार होता," ती म्हणाली. "पाठवला नाही."

श्रीपती उठला. ताट धुऊन ठेवून बराच वेळ ओट्यापाशीच उभा राहिला.

पुढच्या रविवारी हेमानं बंदरावरच्या दुकानातून 'जलवेळा' आणली आणि वर्षभराचं दाभोळ आपल्या आकड्यांशी ताडून बघितलं. रोज दोन-तीन मिनिटांचा, पाच-सहा सेंटीमीटरचा फरक होता. तो असायचाच. पण वर्षातले आठ दिवस असे निघाले की त्या दिवशी पुस्तिकेतली भरतीची उंची तिच्यापेक्षा बरोबर तीस सेंटीमीटरनं जास्त होती. पंचवीस नाही, पस्तीस नाही, आठही वेळा तीस. तिला आधी आपलंच चुकलं असं वाटलं. तिनं ते आठ दिवस हातानं पुन्हा सोडवले. मग रत्नागिरीचं पान ताडलं, त्यात असा एकही दिवस नव्हता. बाणकोट आणि जयगड या लहान बंदरांचं कोष्टक तिच्याजवळ नव्हतं, पण पुस्तिकेतच आदल्या आणि पुढच्या दिवसाशी तुलना केली तरी तिथंही सात-आठ उंच्या मध्येच उडी मारताना दिसल्या.

यज्ञेश पेठे ज्यांना खुणा म्हणाला होता, त्या ह्या.

आठांतला एक दिवस अजून यायचा होता, मार्गशीर्षातली अष्टमी. त्या दिवशी हेमानं रजा टाकली, गुहागरमार्गे वेलदूरला गेली आणि तिथून लाँचनं दाभोळला उतरली. वारा पडलेला होता, खाडीवर तरंगसुद्धा नव्हता. वाऱ्यानं पाणी कमी-जास्त झालं असं म्हणायला कुणाला जागा राहिली नसती. संध्याकाळी पाच वाजल्यापासून ती, मालन आणि लवू धक्क्यावर खांबाजवळ बसून राहिले. भागोजीही हात गळ्यात बांधून आला. तो एकटाच हसून बोलत होता. हात बरा होईल, पण जाळं ओढायला कितपत येईल ते डॉक्टर सांगत नाहीत, असं त्यानंच सांगितलं.

पावणेसहाला पाणी थांबलं. मालन वाकून खांबाकडे बघत होती.

"दोनावर दोन पट्टे," ती म्हणाली. "वर चढत नाय आता."

पुस्तिकेत दोन मीटर पन्नास होतं. लवूनं पुस्तिका हातात घेतली, ते पान बघितलं आणि मिटली.

"चुकीचा छापलानी?"

"चुकीचं नाही," हेमा म्हणाली. "मुद्दाम छापलंय. कुणी उतरवून घेतलं तर पकडता यावं म्हणून."

लवूनं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा, सावकाश समजावून सांगितलं. त्याला पहिल्या वेळेसच कळलं होतं, पण कारण एवढंसंच असेल यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

"आनी त्या दिसाक तुज्या कागदात कितका व्हता?" त्यानं विचारलं.

"दोन वीस."

"मग तू धाडलंस कित्याक नाय?"

"मी भ्याले," हेमा म्हणाली.

लवूनं मान हलवली. मालननं त्या दिवशी तिला लाँचपर्यंत सोडलं, पण वाटेत फारसं बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी हेमानं मुंबईला फोन करून यज्ञेश पेठेला आठही तारखा वाचून दाखवल्या.

"ही यादी तुम्हाला कुणी दिली?"

"कुणी नाही. पाणी मोजलं. यातली एकही खूण माझ्या पानावर नव्हती. आणि एका खुणेवर होडी बसली. माणूस जखमी आहे."

"हे तुम्ही लेखी कुठे दिलंय का?"

"अजून नाही. मला एक सांगा, दाभोळच का?"

"मोठ्या बंदरांना हात लावत नाहीत. तिथं जहाजं असतात. कमी वापराची बंदरं घेतात. तांत्रिक विभाग ठरवतो ते."

"तिथं दोनशे होड्या आहेत."

"माहीत आहे मॅडम. मी बाणकोटला पोहायला जायचो लहानपणी." मग त्याचा आवाज पुन्हा कचेरीतला झाला. "मी वर बोलतो."

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. तक्रार मागे घ्यायला कंपनी तयार होती. त्यासाठी पुस्तिकेतल्या कोणत्याही नोंदीबद्दल कुठंही जाहीर वाच्यता करणार नाही, असं हेमानं लिहून द्यायचं होतं. जखमी माणसाबद्दल पत्रात काही नव्हतं. खाली सही यज्ञेशची नव्हती, दुसऱ्याच कुणाची तरी होती.

हेमानं पत्र श्रीपतीपुढे ठेवलं आणि शेजारी अमेरिकन कंपनीचा फॉर्म ठेवला. "यातल्या एकावर सही करायची आहे," ती म्हणाली.

श्रीपतीनं दोन्ही वाचले. मग फॉर्म तिच्याकडे सरकवला. "पासपोर्ट काढून ठेवावा म्हणतो," तो म्हणाला. "तुझा आणि माझा. उगाच ऐनवेळी धावपळ नको."

मुकुलनं फॉर्म धाडला. कंपनी कोर्टात गेली नाही, आणि जानेवारीच्या मध्यावर एक दिवस पान परत दिसू लागलं, काही खुलासा न होता. हेमानं त्याच दिवशी नव्या वर्षाचं कोष्टक चढवलं. नवी पुस्तिका निघाली होती, ती ताडून तिनं दाभोळच्या नऊ तारखा शोधल्या होत्या. त्या, पुस्तिकेतल्या उंचीसकट, तिनं पानाच्या माथ्यावर तांबड्या अक्षरांत लावल्या. या दिवशी पुस्तिकेवर विसंबू नये, एवढंच खाली लिहिलं.

पाचव्या दिवशी दुसरी तक्रार आली. या नऊ नोंदी आमच्या पुस्तिकेतून जशाच्या तशा उतरवल्या आहेत, असं तिच्यात म्हटलं होतं, आणि ते खरं होतं. हेमानं त्या पुस्तिकेतून उतरवलेल्या नोंदी तेवढ्याच होत्या. चूक दाखवायला ती उतरवावी लागते, असं तिला उत्तरात लिहिता आलं असतं आणि तिनं लिहिलंही. पण एकाच खात्यावर दोन तक्रारी झाल्या की खातं बंद करायचं, असा जागा देणाऱ्या कंपनीचा नियम होता. उत्तराची पोच आली, बाकी काही नाही. भरतीच्या पानाबरोबर तिनं मुलांसाठी लिहिलेल्या प्रयोगांच्या टिपाही गेल्या. त्या फ्लॉपीवर होत्या. दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या जागेत सगळं पुन्हा लावता येईल, असं मुकुल म्हणाला. तिथंही हेच होईल, असं हेमाचं म्हणणं पडलं, आणि तिनं तो नाद सोडला.

त्या पाच दिवसांत मात्र सोसायटीचा माणूस दापोलीला जाऊन आला होता. तांबड्या तारखांचा कागद बर्फाच्या कारखान्यावर लागला, त्याच्या झेरॉक्स बुरोंडीला, हर्णैला गेल्या. बाणकोटच्या लोकांनी आमचंही बघून द्या म्हणून निरोप धाडला. सोसायटीनं कंपनीला पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. मार्चमध्ये हेमानं यज्ञेश पेठेला एकदा फोन केला, तेव्हा ते आता इथं नसतात असं कळलं. त्यानं नोकरी सोडली की त्याला काढलं, हे विचारायला तिला संकोच वाटला.

पुढल्या वर्षीची 'जलवेळा' आली ती पातळ होती. दाभोळ, बाणकोट, जयगड ही बंदरं तिच्यातून गाळली होती.

तेव्हापासून दर डिसेंबरात हेमा तीन बंदरांची कोष्टकं करते, मुकुलकडे प्रती काढते आणि एसटीनं पार्सल पाठवते. बाणकोटचं पाणी वर्षभर एका शाळेच्या शिपायानं मोजून दिलं, जयगडचं हेमानं स्वतः, शनिवार-रविवार जाऊन. लवूनं दांडा सरळ करून घेतला आणि तो पुन्हा समुद्रावर जातो. भागोजी आता जाळी विणतो. मालन हेमाशी आधीसारखी बोलू लागायला वर्ष लागलं.

२००५ च्या पावसाळ्यानंतर मालननं एक कागद परत पाठवला. त्यावर ऑक्टोबरातल्या चार उंच्या पेन्सिलीनं खोडून तिनं शेजारी आपले आकडे लिहिले होते, प्रत्येक दहा सेंटीमीटरनं कमी. खाली लिहिलं होतं, "खांब खचला का बघून जा, नाहीतर तुझं चुकलं." हेमा जाऊन बघून आली. खांब जागेवर होता. पुरानं खाडीच्या तोंडाशी नवी वाळू आणून टाकली होती आणि पाणी आत यायची वाट अरुंद झाली होती. तिनं मालनला आणखी एक शंभर पानी वही दिली आणि दाभोळचं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं.